न उमटणारा अंगठा

मी मूळची तळं गावची. आमच्याकडून समुद्र दिसत नाही, पण मासळी रोज दारात येते, आणि तेवढ्या भांडवलावर कोळंबीतलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. ॲप बनवण्यातलं तर कळत होतंच. नवी मुंबईच्या आमच्या लहानशा ऑफिसात मी सगळ्यांत तोंडाळ, पण काम चोख करायची, म्हणून खपून जायचं. मुरुडच्या अलीकडे खाडीकाठच्या एका कोळंबीच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा पहिल्याच बैठकीत मी सांगून टाकलं, हे तीन आठवड्यांत होईल.

काम दिसायला सोपं होतं. कारखान्यात सहा लाइनी होत्या. पहिलीवर कोळंबीची डोकी काढायची, दुसरीवर सोलायची, तिसरीवर पाठीतली काळी शीर काढायची, चौथीवर आकाराप्रमाणे वेगळी करायची, पाचवीवर वजन करून ट्रेमध्ये लावायची. सहावी म्हणजे धुण्याचं टेबल, तिथं बर्फाच्या पाण्यात माल खळबळून पुढं द्यायचा. सगळ्या मिळून सव्वाशेच्या आसपास बायका, कोळीवाड्यातल्या, आतल्या शेतकरी गावांतल्या, मुरुडच्या मोहल्ल्यातल्या. यातली कोण आज कुठल्या लाइनवर उभी राहणार, एवढंच रोज सकाळी सातला ॲपनं सांगायचं होतं.

तोवर ते एक बाई सांगत होत्या. सगळा कारखाना त्यांना मावशी म्हणायचा, शेठसुद्धा.

शेठचे वाडवडील मिठागरातले, शेठ स्वतः ट्रकच्या धंद्यातून इथवर आलेले. मनानं वाईट नव्हते. त्यांची अडचण वेगळी होती. "मॅडम, बाहेरचा गिऱ्हाईक येतो ना, तो पहिला हेच विचारतो," ते म्हणाले. "माणसं कोण लावतो, कशावर लावतो? मी मावशीकडं बोट दाखवतो. तो मावशीकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो. ते बघणं मला नाय सहन होत. सगळं स्क्रीनवर दिसलं पाहिजे."

"आणि मावशींचं काय?" मी विचारलं.

"लाइनला घेऊ की. घरी थोडीच पाठवतो?"

मी वहीत लिहून घेतलं, मावशी लाइनला, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या, आणि कारखान्यात माल भरपूर येत होता. मी मुरुडला नारळाच्या वाडीतल्या एका लहान लॉजवर खोली घेतली आणि पहिल्या दिवशी पावणेसातलाच फाटकावर हजर झाले. बायका हजेरीच्या मशीनवर अंगठा लावून आत येत होत्या. काही जणींचा अंगठा मशीन घेत नव्हतं, त्यांची नावं चौकीदार एका जुन्या वहीत लिहून घेत होता. मशीन जुनं झालंय, तो म्हणाला. नवीन आणायला सांगायचं, हे मी डोक्यात ठेवलं आणि पुढे गेले.

आत गेल्यावर बायका गमबूट, टोपी, एप्रन चढवून एका लांब मोरीपाशी रांगेत उभ्या राहत. मोरीला सात नळ. शेवटच्या नळापाशी मावशी उभ्या होत्या. ठेंगण्या, काटक, साठीला टेकलेल्या, कपाळाला कायमची आठी. हात धुऊन एकेक बाई पुढं यायची, दोन्ही हात त्यांच्यासमोर धरायची. मावशी ते हातात घ्यायच्या, उलटे करायच्या, बोटांच्या टोकांवरून आपला अंगठा फिरवायच्या आणि एक शब्द बोलायच्या. "सोल." "वजन." "बरफ." बाई त्या दिशेनं चालू लागायची आणि पुढचे हात यायचे. कुणाला मध्येच एखादा प्रश्न पडायचा.

"घरी खारवलंस काय काल?"

"व्हय, बोंबील."

"मग बरफात हात घालू नको. वजन."

मधेच माल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला त्यांनी ओरडून विचारलं, "मोठी का बारीक?" तो "बारीक!" म्हणाला, आणि लगेच सोलण्याकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली. बारीक कोळंबीला हात जास्त लागतात. मी मोबाईलवर वेळ लावली होती. माझ्या कपातला चहा अजून गरम होता आणि सव्वाशे बायका सहा लाइनींवर लागल्या होत्या. एकही कागद नाही. मी धावत जाऊन प्रत्येक लाइन मोजली. कुठं एक बाई जास्त नव्हती, कुठं एक कमी नव्हती.

मी थक्क झाले. आणि माझा स्वभाव असा आहे की थक्क झाले की मला राग येतो. हे असं कसं होऊ शकतं, यात काहीतरी लबाडी असणार, असं वाटू लागतं. मी मावशींकडे गेले.

"मावशी, कशावरून ठरवता?"

"बगून."

"काय बघून?"

"हात."

"पण हातात दिसतं काय?"

"काय दिसायचा? हात दिसतो," त्या म्हणाल्या आणि नळ बंद करून निघून गेल्या. मोरीपाशी राहिलेल्या बायका मास्कच्या आत हसत होत्या, ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

पुढचे दोन आठवडे मी कारखान्यात ठाण मांडलं. प्रत्येक बाईचा नंबर, ती आज कुठं होती, किती वेगानं काम केलं, सगळं वहीत. सकाळी मोरीपाशी उभी राहून मी मनातल्या मनात मावशींशी पैज लावायची. हात पुढं आले की मी आधी ठरवायची, मग मावशींचा शब्द ऐकायची. पहिल्या आठवड्यात दहातले तीन जमले, दुसऱ्या आठवड्यातही तीनच. तिसऱ्या इयत्तेनंतर मी इतकी नापास कधी झाले नव्हते.

माझ्या वहीतली सगळ्यांत जलद सोलणारी बाई होती एकेचाळीस नंबर. कोळीवाड्यातली, तिशीतली, सतत काहीतरी बोलत असलेली. तिच्या हातातली कोळंबी उघडी कधी झाली ते डोळ्यांना दिसायचंच नाही, फक्त टरफलांचा ढीग वाढताना दिसायचा. आणि हिला मावशी एक दिवस सोलायला लावायच्या, दुसऱ्या दिवशी वजनाला, तिसऱ्या दिवशी ट्रे लावायला. मला ते बघवेना.

"एवढी चांगली सोलणारी बाई वजनाला कशाला?"

"काल सोलली ना ती. आज ऱ्हाऊ दे तिला."

त्या दुपारी मी वहीत लिहिलं, 'मावशी मायाळू आहेत, बायकांना आळीपाळीनं आराम देतात.' आणि खाली, 'हे ॲपमध्ये घेऊ नये.' ती दोन वाक्यं अजून त्या वहीत आहेत. मी ती खोडलेली नाहीत.

ॲप तयार झालं. जी बाई ज्या कामात सगळ्यांत पुढं, तिला ते काम. फाटकावरच्या मशीनवर अंगठा उमटला की बाई हजर. ज्या नव्या बाईची काहीच नोंद नाही तिला धुण्याच्या टेबलावर पाठवायचं, कारण ते काम कुणालाही जमतं. हा नियम मीच लिहिला होता आणि लिहिताना मला तो फार शहाणपणाचा वाटला होता. मोरीच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला, फाटकावर नवंकोरं मशीन बसवलं. आता सगळ्यांची नोंद करायची होती, आणि मावशी लाइनला जाणार असल्यामुळे त्यांचीही.

मशीननं मावशींचा अंगठा घेतला नाही. मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. मी काच पुसली, दुसरा अंगठा लावला, मग दहाही बोटं लावून पाहिली. पुन्हा प्रयत्न करा. शेवटी मी त्यांचा अंगठा माझ्या रुमालानं पुसला आणि नीट बघितला. त्यावर रेघाच नव्हत्या. झिजलेल्या पाट्यासारखा गुळगुळीत होता.

"हे कशानं झालं?"

"सोलून. नळावर यायच्या आधी बारा-चौदा वर्सं सोलतच होती ना मी."

"रोज?"

"रोज. तवा नळावर कोन नव्हता हात बघायला."

हे वाक्य मी ऐकलं, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही पेटलं नाही. आणखी काही वयस्क बायकांचा टाकावा लागला होता तसा मी त्यांचाही नंबर हातानं टाकला, आणि ॲपनं लगेच त्यांना जागा दिली. मागची नोंद नाही, धुण्याचं टेबल.

मावशींना वाचता येत होतं. त्यांनी मोबाईलच्या पडद्यावर वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "वीस वर्सं त्या नळावर उभी हाय मी," त्या म्हणाल्या. "तिथनं मना उठवून कोलंबी धुवायला लावतेस?"

"मावशी, मी नाही, ॲप..."

"ॲप कोन? तुझा भाऊ?"

त्यांचे डोळे भरले होते आणि मला ते दिसू नयेत म्हणून त्या खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ती जागा म्हणजे त्यांचं सगळं होतं, हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट कळलं. तरीही मी ॲप बदललं नाही. वय झालंय, होईल सवय, असं मनाशी म्हणाले. आज हे लिहितानाही मला त्या वाक्याची लाज वाटते.

पहिल्या दिवशी माल वाढला, दुसऱ्या दिवशी आणखी वाढला. शेठनी ऑफिसात वडापाव मागवले आणि स्वतः मला चटणी वाढली. बायका मोरीवर हात धुऊन टीव्हीकडे बघत, आपला नंबर शोधत आणि लाइनवर जात. लाइनींकडे जायची वाट धुण्याच्या टेबलावरून होती. तिथं मावशी कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्यात हात घालून उभ्या असायच्या. पहिल्या सकाळी एक गोष्ट झाली. जाणारी प्रत्येक बाई, सवयीनं असेल, टेबलापाशी क्षणभर थांबायची आणि दोन्ही हात पुढं धरायची. मावशींनी एकदाही वर पाहिलं नाही. एकही हात घेतला नाही. बायका हात मागे घ्यायच्या आणि पुढे जायच्या. मी टीव्हीखाली उभी राहून हे सगळं पाहत होते. माझ्याशी तर मावशी अक्षरही बोलत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी माल तेवढाच राहिला, आणि दोन-चार अंगठे मशीननं घेतले नाहीत. चौथ्या दिवशी फाटकावरच रांग तुंबली. नवं मशीन अंगठे घेईना. एकीचा नाही, दुसरीचा नाही, पाचवीचा नाही. बाई समोर उभी, आणि ॲप म्हणतंय गैरहजर. मग ॲप वजनावरच्या बायका उचलून सोलायला लावतंय, प्रतवारीच्या वजनाला, आणि टीव्हीवर नंबर नाचतायत. माझं डोकं फिरलं. मशीन विकणाऱ्याला मी फोनवर नाही नाही ते बोलले. मग बाही सरसावून स्वतःच मशीनपाशी उभी राहिले. पुढची बाई होती एकेचाळीस नंबर.

"पुन्हा प्रयत्न करा," मशीन म्हणालं.

"हात ओला असेल, आण इकडं," म्हणून मी तिचा अंगठा रुमालात धरला, आणि तिनं चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला.

मग मी बघितलं. बोटांची टोकं पांढरी पडून फुगली होती. कातडी पापुद्र्यांनी सुटली होती आणि नखांच्या कडेला दोन बारीक लाल चिरा होत्या. कोळंबीच्या शेपटीला काटा असतो, तिच्या अंगातलं पाणी कातडी खातं. हातमोजे देतात, पण काटा तासाभरात ते फाडतो, आणि आत शिरलेलं पाणी मग आतच राहतं. हे सगळं मला लोकांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मी फक्त त्या बोटांकडे बघत होते.

"कधीपासून?"

"परवापासून चुरचुरतंय. रोज सोलायलाच लावतो ना तुमचा टीव्ही."

"मग बोललीस का नाही?"

"कोनाला बोलू, म्याडम? टीव्हीला?"

मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. मावशी होत्या. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी हात पुढं केला, एकेचाळीस नंबरचा तळवा आपल्या तळव्यावर घेतला आणि अंगठा अगदी हलकेच तिच्या बोटांवरून नेला. मग माझ्याशी बोलल्या. आवाजात राग होता, पण त्या बोलल्या.

"हिचा हात जलद हाय. जलद हाताला काटा जास्त लागतो, पानी जास्त लागतो. हलू सोलनारीचा कातडा तीन दिवस टिकतो. हिचा एकच. दुसऱ्या दिवशी हिला वजन, तिसऱ्या दिवशी सुका काम. चवथ्या दिवशी परत सोलायला घ्या, पैल्यासारखी सोलते. तुज्यासारखी रोज रोज लावली तर आठ दिवसांत ही कुटंच लावायच्या लायकीची ऱ्हानार न्हाय."

मी ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं. एका बाजूला माझी दोन आठवड्यांची वही उघडली, दुसऱ्या बाजूला मशीननं नाकारलेल्या अंगठ्यांची यादी. चार दिवसांत मशीननं ज्यांना नव्यानं नाकारलं त्या झाडून सगळ्या सोलणाऱ्या होत्या, आणि ज्या सगळ्यांत जलद, त्या सगळ्यांत आधी नाकारल्या गेल्या होत्या. मग मी मावशी नळावर होत्या त्या दोन आठवड्यांतली चौकीदाराची वही मागवली. त्यात फक्त जुन्या, वयस्क बायकांची नावं होती, मावशींच्या बरोबरीच्या, ज्यांच्या बोटांवरच्या रेघा पूर्वीच गेल्या होत्या. मावशी नळावर आल्यानंतर कामाला लागलेल्या एकाही बाईचं नाव त्यात नव्हतं. वीस वर्षांत एकीचंही बोट मावशींनी जाऊ दिलं नव्हतं.

मी वही पुढं-मागं करत राहिले. प्रत्येक बाईचा वेग, त्या वेगाला तिची कातडी किती दिवस पुरते, ती भरून यायला किती दिवस लागतात, घरी तिनं काल मीठ हाताळलं की राखेनं भांडी घासली, आज माल बारीक की मोठा, कुठल्या लाइनला अजून किती हात हवेत. सव्वाशे बायकांचं हे सगळं त्या ठेंगण्या बाईच्या डोक्यात एकाच वेळी चालू होतं, रोज, आणि बाहेर पडत होता फक्त एक शब्द. मशीनला कळत होतं ते कातडी गेल्यावर. मावशींच्या अंगठ्याला ते एक दिवस आधी कळत होतं, आणि त्याच अंगठ्याला मी दहा वेळा काचेवर घासायला लावलं होतं. ज्याला मी माया म्हणून वहीत लिहून टाकलं होतं, तो कारखान्यातला सगळ्यांत कठीण हिशोब होता. मी टेबलापाशी बसून रडले. पुष्कळ वर्षांनी मी इतकी थक्क झाले होते, आणि या वेळी राग आला नाही.

शेठना समजावणं सोपं गेलं नाही. "मॅडम, माल तर वाढला होता ना?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "बोटांना मलम देऊ. डॉक्टर बोलावू." मी भांडले. वही आपटली. ते म्हणाले, उद्या बघू.

उद्या त्यांनी स्वतः येऊन बघितलं. हाताला चीर असलेल्या बाईला मालाला हात लावू द्यायचा नाही, हा नियम तर कारखान्याचाच होता. पाचव्या सकाळी डॉक्टरनं एकेकीचे हात बघितले आणि सोलण्याची लाइन अर्धी रिकामी झाली. बाहेर टेम्पोत माल उतरायचा होता, बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येत होतं, आणि राहिलेल्या बायका मोरीपाशी रांगेत उभ्या राहून टीव्हीकडे बघत होत्या. टीव्हीवर नंबर अजून नाचतच होते.

शेठ चालत धुण्याच्या टेबलापाशी गेले.

"मावशी, नळावर या."

मावशींनी वर पाहिलं नाही. "हातातला ट्रे होऊ दे," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी तो ट्रे धुतला. घाई न करता, दोनदा पाणी बदलून. शेठ पाठीमागे हात बांधून उभे होते, शंभर बायका रांगेत उभ्या होत्या आणि टेम्पोवाला दारातून डोकावत होता. ट्रे पुढं दिला, एप्रनला हात पुसले, मावशी मोरीपाशी आल्या, शेवटच्या नळापाशी आपल्या जागेवर उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्या तुज्या भावाला बंद कर."

मी टीव्ही बंद केला. रांगेतल्या पहिल्या बाईनं हात पुढं धरले. मावशींनी घेतले, उलटे केले, अंगठा फिरवला.

"शीर," त्या म्हणाल्या. "पुढची."

अपुऱ्या माणसांत तो दिवस त्यांनी असा काही लावला की संध्याकाळी टेम्पो रिकामा झाला होता.

ॲप आम्ही टाकून दिलं नाही. आता मावशी शब्द बोलतात आणि शेजारी उभी असलेली एकेचाळीस नंबर तो मोबाईलवर टाकते. टीव्हीवर गिऱ्हाइकाला सगळं दिसतं. कोण किती दिवस सोलतेय ते ॲप मोजतं आणि वेळ झाली की आठवण करतं. मावशी दर वेळी म्हणतात, "माहीत हाय मना." एकेचाळीस नंबर मोबाईल खिशात ठेवून अधूनमधून तेच हात आपल्याही हातात घेऊन बघते. परवा तिनं दहातले सात बरोबर सांगितले. मला मत्सर वाटला, खोटं कशाला सांगू.

शेवटच्या दिवशी मी एकच बदल करायला गेले होते. ॲप उघडायला अंगठा लागायचा, आणि ज्यांच्या शब्दावर सगळं चालायचं त्यांचाच अंगठा ते घेत नव्हतं. मी ते कुलूप काढून टाकलं. मावशी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. रांग लागलेली होती.

"तुजा घेतो काय गो मशीन अंगठा?" त्यांनी विचारलं.

"घेतं की."

"पैल्या झटक्यात?"

"हो."

त्यांनी माझे दोन्ही हात घेतले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. उलटे केले. त्यांचा तो गुळगुळीत अंगठा माझ्या बोटांच्या टोकांवरून सावकाश गेला आणि मला उगीचच परीक्षेला बसल्यासारखं झालं. मागच्या बायका माना उंचावून बघत होत्या.

"सोल," मावशी म्हणाल्या. "पुढची."

मागून हशा पिकला, पण मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या हातात पुढचे हात आलेसुद्धा. मी लॅपटॉपची बॅग खुंटीला अडकवली, टोपी-एप्रन चढवलं आणि दुसऱ्या लाइनवर जाऊन उभी राहिले.

दिवसभर सोलत होते. माझा ढीग शेजारणीच्या ढिगाच्या पाव भागाएवढाही झाला नाही, सवय नसलेली बोटं मात्र चुरचुरायला लागली. संध्याकाळी तळ्याच्या एसटीत बसले आणि निघाले म्हणून आईला कळवायला मोबाईल काढून त्यावर अंगठा ठेवला. मोबाईल उघडला नाही. पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. मी मोबाईल पिशवीत टाकला आणि तळं येईपर्यंत त्या अंगठ्याकडे बघत बसले.